माले कुठे आहे?

– एक स्वयंसेवक, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

मित्रांनो, आधी एक प्रयोग करा. मोबाईलमधला नकाशा उघडा आणि शोधायच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'माले' टाइप करा. आमच्या विंगमध्ये पाच जणांनी केला. तिघं थेट मालदीवच्या राजधानीत पोचले, तेही पासपोर्टशिवाय. चौथ्याला पुरुषांच्या केशकर्तनालयांची यादी मिळाली (स्पेलिंगचा महिमा!). पाचव्याने शहाणपणा करून पुढे 'महाराष्ट्र' जोडलं, तर तो कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळा तालुक्यातल्या मालेला जाऊन पोचला. आपलं माले, म्हणजे मुळशी तालुक्यातलं, चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे जाताना लागणारं, ते एकालाही पहिल्या फटक्यात सापडलं नाही.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा.

गेल्या हिवाळ्यात आपल्या कॉलेजचं एन.एस.एस.चं शिबिर मालेच्या परिसरात झालं. सात दिवस शाळेत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटी आणि भेंड्या. जे शिबिराला आले होते त्यांना पिठल्याची आठवण करून देण्याची गरज नाही! आम्ही रीतसर एक भिंतही रंगवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. रंग ओला असतानाच एक आजोबा काठी टेकत आले, त्यांनी भिंत वाचली आणि म्हणाले, "अडवलंय की रे बाबांनो. शंभर वर्षं झाली. आमची गावंच जिरली त्यात." आम्ही मान डोलावून हसलो. विनोद खरा कळला तो रात्री, सरांनी मुळशी सत्याग्रहाची गोष्ट सांगितल्यावर. त्याबद्दल पुढे लिहितो.

पाचव्या रात्री दहाच्या सुमारास एक माणूस मोटारसायकलवरून शाळेत आला. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. आईच्या पायाला काहीतरी चावलं होतं, फुरसं की घोणस कळत नव्हतं. म्हातारीला मोटारसायकलवर धरून बसवणं शक्य नव्हतं आणि वाडीत रेंज नाही, म्हणून रेंज आणि माणसं शोधत तो आमच्यापर्यंत आला होता. सरांनी फोन केला, गाडी निघाली. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं.

मग ड्रायव्हरने विचारलं, "लोकेशन पाठवा."

आम्ही तिथे कॉम्प्युटरची अकरा पोरं होतो. सहा महिन्यांपूर्वी याच पोरांनी लोकेशन ट्रॅकिंगवर मिनी प्रोजेक्ट करून व्हायवात मार्क मिळवले होते. सगळ्यांनी नकाशे उघडले. निळं पाणी, हिरवा डोंगर, आणि मध्ये काही नाही. वाडी नाही, वाडीला जाणारा रस्ता नाही. शेवटी ड्रायव्हरला वाडीचं नाव सांगितलं. त्याने ते शोधलं आणि त्याच नावाची दुसरी वाडी त्याला सापडली. या नावाच्या वाड्या तालुक्याला चार असतात. गाडी पाण्याच्या भलत्या अंगाला गेली. तिथून समोर त्या वाडीतला दिवा दिसत होता म्हणे. दिवा दिसतोय, मध्ये पाणी, आणि वळसा तासाभराचा. शेवटी तो माणूसच फाट्यावर जाऊन टॉर्च हलवत उभा राहिला, तेव्हा गाडी वर आली.

म्हातारी वाचली. बरेच दिवस दवाखान्यात काढून घरी गेली, आणि आता पुन्हा शेळ्यांमागे फिरते असं कळलं. त्यामुळे ही गोष्ट कुठल्याही पेपरात आली नाही आणि येणारही नाही. पण तो एक तास माझ्या डोक्यातून जात नाही. ड्रायव्हरचा दोष काढता येत नाही, तो फोन उचलल्यापासून पाच मिनिटांत निघाला होता. गाडी होती, डिझेल होतं, औषध होतं. फक्त पत्ता नव्हता.

वाडी नकाशात का नसते? कारण दोन आहेत, आणि दोन्ही समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. पहिलं म्हणजे सरकारी कागदावर मोजायचं माप आहे महसुली गाव. जनगणना गावाची, सातबारा गावाचा, यादी गावाची. सह्याद्रीत मात्र माणसं अशी एका जागी राहतच नाहीत. एका गावाच्या पाच-सहा वाड्या, मैल-दोन मैल अंतरावर, एखादी पार कड्याखाली. त्यात कुणाचा धनगरवाडा, कुणाची कातकरवाडी, कुठे नुसती 'वरची' आणि 'खालची'. दुसरं कारण धंद्याचं आहे. मोबाईलमधले नकाशे ज्या कंपन्या बनवतात त्या गिऱ्हाईक असेल तिथे जातात. त्यात काही पाप नाही. पण परिणाम असा की कोथरूडच्या पाणीपुरीच्या गाड्याला नकाशावर खूण आहे, फोटो आहेत, 'तिखट कमी होतं' असे अभिप्राय आहेत; आणि तिथून दीड-दोन तासांवरच्या तीस घरांच्या वाडीला साधा ठिपका नाही.

सह्याद्रीत या ठिपक्याची किंमत काय असते ते महाराष्ट्राने तीनदा तरी पाहिलं आहे. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं कसं, तर नेहमीचा एस.टी.चा ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि त्याला गाव जागेवर दिसलं नाही! उपग्रह, रडार, कंट्रोल रूम सगळं असलेल्या देशात बातमी दिली ती एका चालकाच्या डोळ्यांनी. त्यानंतर भूवैज्ञानिकांनी पाहणी केली, जिल्ह्यातल्या धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या. मग 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळीये. तिथेही दरड आली ती कोंढाळकरवाडीवर, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि शेवटी शोध थांबवावा लागला. वर जायला रस्ताच नव्हता, पायवाटेने चढून हातांनी माती उपसावी लागली. आणि दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. हे सरकारनेच सांगितलं.

इथे मला घाईने कुठला निष्कर्ष काढायचा नाही. नकाशात ठिपका असता म्हणून डोंगर थांबला नसता. उतार, माती, पाऊस, खालची खोदाई हे सगळं सिव्हिलच्या मित्रांनी लिहावं, माझा तो विषय नाही. पण वाडी यादीत यायची तर आधी ती कुणाच्या तरी कागदावर असायला हवी. किती घरं, वाट कुठली, ओढा कुठे आडवा येतो, हेलिकॉप्टर उतरेल एवढं मोकळं माळ कुठे आहे, हे त्या रात्री शोधत बसायचं की आधी माहीत असायचं, एवढाच प्रश्न. मुळशीतल्या कुणालाही विचारा. 24-25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सातशेच्या घरात पडतो, म्हणजे हिशेब करा. त्याच वेळी ताम्हिणी घाटाच्या बाजूला दरड कोसळून एकाचा जीव गेला.

आता यावर उपाय काय, तर उपाय जगात कुणीतरी आधीच करून ठेवला आहे, आणि तो फुकट आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या एका विद्यार्थ्याने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. विकिपीडियात जसा कुणीही लेख लिहितो तसा इथे कुणीही रस्ता काढतो, घर काढतो, नाव लिहितो. तयार झालेली माहिती कुणाच्या मालकीची नाही. ती डाउनलोड करा, छापा, त्यावर ॲप बनवा, फक्त श्रेय द्या आणि सुधारणा पुन्हा खुल्या ठेवा. (गंमत म्हणून सांगतो, आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाने 2005 च्या नकाशा धोरणात जनतेसाठी जी मालिका जाहीर केली तिचं नाव 'ओपन सीरिज मॅप्स'. म्हणजे तेही ओएसएम आणि हेही ओएसएम! शोधताना गोंधळ झाला तर घाबरू नका.)

या नकाशाची खरी ताकद जगाला दिसली 12 जानेवारी 2010 नंतर. हैतीत भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्स शहर कोसळलं, आणि मदत घेऊन निघालेल्या लोकांकडे त्या शहराचा धड नकाशा नव्हता. उपग्रहाची ताजी चित्रं खुली करण्यात आली आणि जगभरातल्या शेकडो लोकांनी आपापल्या घरी बसून त्यावरून रस्ते, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या गिरवून काढल्या. काही दिवसांत कोऱ्या जागी शहर उभं राहिलं, आणि बचाव पथकं तो नकाशा हातातल्या जी.पी.एस.मध्ये घालून फिरली. त्यातूनच पुढे या कामासाठी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम नावाची संस्था झाली. 2014 मध्ये रेड क्रॉस वगैरे संस्थांनी तिच्यासोबत 'मिसिंग मॅप्स' सुरू केलं. त्याचा उद्देश असा की आपत्ती आल्यावर नको, आधीच नकाशे काढा.

हे 'आधीच' किती महत्त्वाचं आहे ते आपल्या शेजारी दिसलं. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा काठमांडूत काही तरुण मंडळी दोन-तीन वर्षांपासून शाळा आणि दवाखाने नकाशावर आणत होती. काठमांडू लिव्हिंग लॅब्स हे त्यांच्या संस्थेचं नाव. भूकंपानंतर जगभरातून हजारो लोक मदतीला बसले खरे, पण कुठे काय आहे हे सांगणारी माणसं जागेवर तयार होती. आणि आपल्या देशात 2018 च्या केरळच्या पुरात मदतीच्या मागण्या गोळा करणारी वेबसाइट तिथल्या आय-ट्रिपल-ई.च्या स्वयंसेवकांनी राज्याच्या आय.टी. मिशनबरोबर मिळून उभी केली. आपल्याही कॉलेजात आय-ट्रिपल-ई.ची शाखा आहे. ती काय करते? टी-शर्ट छापते. (चिडू नका, मीही सभासद आहे आणि टी-शर्ट घालूनच हे लिहितोय.)

तर त्या रात्रीनंतर शिबिराचे दोन दिवस उरले होते. आम्ही काही जणांनी सरांना विचारलं, श्रमदानाऐवजी वाड्या फिरू का? सर म्हणाले, फिरा, पण दुपारच्या जेवणाला परत या. पौडला जाऊन झेरॉक्सच्या दुकानात उपग्रहाच्या चित्राचे मोठे प्रिंट काढले, फोनमध्ये ऑफलाइन नकाशाचं ॲप टाकलं आणि निघालो. दोन दिवसांत सात वाड्या झाल्या. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते कुठल्याही सबमिशनमध्ये नाही.

पहिली फजिती प्रिंटची. आम्ही कागद पसरला, उत्तर वर, पुस्तकात असते तशी. वाडीतली माणसं बघत राहिली, कुणालाच काही ओळखता येईना. आमच्यातल्या एकाने हळूच, "यांना नकाशा कळत नाही," असं म्हटलंही. तेवढ्यात एका काकूंनी कागद सरळ उलटा फिरवला, धरण समोर आणि डोंगर पाठीशी येईल असा. आणि मग काय! "हे आमचं घर, हा गोठा, हे शाळेचं पत्र्याचं छप्पर, हा आंबा." दहा मिनिटांत बायकापोरांनी प्रत्येक घरावर बोट ठेवलं. नकाशा त्यांना कळत होता, आम्ही उलटा धरला होता.

दुसरी गोष्ट वाटांची. उपग्रहाच्या चित्रात झाडीखालची पायवाट दिसत नाही, त्यामुळे हैतीसारखं होस्टेलवर बसून गिरवणं इथे निम्मंच चालतं. चालत जावं लागतं. आणि चालून झाल्यावरही विचारावं लागतं, कारण डिसेंबरात जिथून आम्ही आरामात गेलो ती वाट जुलैत ओढ्याखाली असते. एका पोराने सांगितलं, पावसात आम्ही शाळेत या बाजूने जातच नाही, वरच्या सोंडेने जातो, पाऊण तास जास्त लागतो. ही माहिती कुठल्या उपग्रहाकडे आहे? नकाशात तशी नोंद करायची सोय आहे, पावसाळ्यात बंद असं लिहिता येतं. ती नोंद मी स्वतः केली आणि खरं सांगतो, चौथ्या सेमिस्टरचा एस.जी.पी.ए. कळल्यावर झाला होता त्यापेक्षा जास्त आनंद झाला.

तिसरी गोष्ट नावांची. इंग्रजीत 'ळ' नाही, 'ण' नाही. त्यामुळे माळीणचं मालिन होतं, आणि फोनवर घाबरलेला माणूस जे नाव उच्चारतो ते पडद्यावर दिसतच नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावाला स्वतंत्र जागा आहे, आणि लोक जे दुसरं नाव वापरतात त्यालाही. एका वाडीचं कागदावरचं नाव तिथल्या एकाही माणसाने आयुष्यात वापरलेलं नव्हतं. आम्ही दोन्ही लिहिली.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

एका वाडीत आम्ही पाण्याच्या झऱ्याची जागा टिपून घेत होतो. उन्हाळ्यातलं तेवढं एकच पाणी. आमच्या दृष्टीने ती सगळ्यात कामाची नोंद. हंडा भरायला आलेल्या एका ताईंनी विचारलं, "हे तुम्ही मोबाईलवर टाकणार? सगळ्यांना दिसणार?" आम्ही उत्साहाने हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग नका टाकू. मागे कुणीतरी खालचा धबधबा टाकला, तर आता शनिवार-रविवारी गाड्या येतात. बाटल्या फोडून जातात. हे पाणी आम्हाला प्यायचंय."

आम्ही गप्प. आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की माहिती खुली म्हणजे चांगली, बंद म्हणजे वाईट. ओपन सोर्सच्या सेमिनारमध्ये तसंच सांगतात ना! तिथे दहा मिनिटं उभं राहून त्या ताईंशी बोललो आणि झरा नकाशावर टाकला नाही. तो एका वहीत लिहिला, ती वही ग्रामपंचायतीत दिली. देवराईतल्या जागांचंही तसंच केलं. घरांवर कुणाची नावं लिहिली नाहीत, आणि कातकरी वस्तीत आधी त्यांच्यात बसून विचारलं, की घरं दाखवू का. ज्यांच्या पायाखालच्या जमिनीचे कागद पक्के नसतात त्यांना 'तुम्ही इथे आहात' हे जगजाहीर करणं फायद्याचं आहे की धोक्याचं, हे आम्ही ठरवू शकत नव्हतो. बराच वेळ आपापसात बोलून ते हो म्हणाले. कारणही सांगितलं, की लसीकरणाच्या बाईंना दरवेळी वाट दाखवायला माणूस पाठवावा लागतो. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आम्ही ते मान्य केलं असतं का? त्या दिवशी केलं असतं असं वाटतं. झऱ्याच्या आधी विचारलं असतं तर बहुतेक नसतं केलं.

मुळशीत हा संशय उगाच आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी इथे मोजणीची माणसं आली होती. जमिनींवर खुणा पडल्या, चर खणले गेले, आणि मग लोकांना कळलं की मुळा नदीवर धरण होणार, वीज मुंबईला जाणार आणि मुळशी पेट्यातली बावन्न गावं अडचणीत येणार. 16 एप्रिल 1921 ला रामनवमीच्या दिवशी मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. धरण झालंच. म्हणजे या मुलखाचा अगदी बारीक, अचूक नकाशा एकदा निघालेला आहे, समपातळी रेषांसकट. पाणी कुठवर चढेल हे दाखवायला तो काढला होता. ज्यांची घरं त्या रेषेखाली होती त्यांना मोजणीच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. अलीकडच्या काळात मोजणी म्हटलं की इथल्या माणसाला फार्महाऊस आणि प्लॉटिंगवाले आठवतात. तेव्हा चार पोरं फोन धरून बांधावरून चालायला लागली की म्हातारी माणसं "कुठल्या कंपनीचे?" असं विचारणारच. आम्हाला चार वेळा विचारलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ही वाड्यांची नोंद व्हायला हवी, पावसाळ्याच्या आत व्हायला हवी, आणि ती खुल्या नकाशातच हवी. एखाद्या खात्याच्या कपाटात किंवा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर नको, कारण मग ती गावालाच परत मिळत नाही. पण काय दाखवायचं आणि काय नाही हे वाडीत बसून, वाडीच्या माणसांनी ठरवायचं. आधी विचारायचं, मग टिपायचं, आणि टिपून झाल्यावर छापलेला कागद गावात परत नेऊन द्यायचा. याला वेळ लागतो. एका बसमध्ये सत्तर पोरं नेऊन एका दिवसात तालुका उरकणं यात बसत नाही.

होस्टेलवर हे सगळं बोललो तेव्हा तीन आक्षेप आले. पहिला, हे सरकारचं काम आहे, आपण का करायचं? सरकार करतच नाही असं नाही. इस्रोचं 'भुवन' 2009 पासून आहे, 2012 पासून सरकारी आकडेवारीचं खुलं संकेतस्थळ आहे, 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. त्यातली सुरुवातीची मोजणी तर आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत झाली. पण ती हद्दीची मोजणी. रात्री गाडी कुठून वर येईल हा प्रश्न तिच्यात नाही. आणि ज्या याद्या खुल्या म्हणून टाकलेल्या असतात त्यांतल्या कितीतरी स्कॅन केलेल्या पी.डी.एफ. असतात, वाकड्या, कधी जुन्या मराठी फाँटमधल्या, की कॉपी केलं तर चिनी वाटावं. त्या याद्यांतली गावं नकाशावर चढवायची तर कुणीतरी बसून टाइपच करायला हवं. आपल्याकडे पहिल्या वर्षाची चारशे पोरं आहेत, त्यांना पनिशमेंट म्हणून जर्नल लिहायला लावतात. इशारा पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप, हे कायद्यात बसतं का? प्रश्न रास्त आहे, कारण पूर्वी आपल्याकडे नकाशांवर बरीच बंधनं होती. 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यानंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना अशा कामासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. लष्करी वगैरे संवेदनशील गोष्टी दाखवायच्या नाहीत, अचूकतेच्या मर्यादा पाळायच्या. आपल्या फोनचं जी.पी.एस. दरीत इतकं भरकटतं की ती मर्यादा ओलांडण्याची भीती कुणी बाळगू नये!

तिसरा आक्षेप रेक्टर सरांचा, आणि तो मला सगळ्यात जड गेला. ते म्हणाले, "यावर्षी कराल. पुढच्या वर्षी पास होऊन जाल. मग नवीन घर झालं, रस्ता वाहून गेला, तर कोण बदलणार? जुना नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे. मालेच्या परिसरात दहावी-बारावीची पोरं आहेत, त्यांच्या हातात आमच्यापेक्षा चांगले फोन आहेत. ज्या पोराने आम्हाला वरच्या सोंडेची वाट दाखवली त्याने संध्याकाळपर्यंत ॲप शिकून आमच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या. खातं त्याच्या नावाने उघडून दिलं आहे. शिबिरानंतर त्याने परस्पर तीन पाणवठे आणि एक पूल टाकला. पुलाची खूण ओढ्याच्या भलत्या बाजूला पडली होती, ती मी इथून सरकवली, तर त्याने ती परत जागेवर नेली. बरोबर तोच होता. त्यामुळे दरवर्षी आपण जाऊन नकाशा काढायचा ही कल्पनाच बहुतेक चुकीची आहे. आपण जाऊन शिकवायचं, बॅटऱ्या पुरवायच्या, आणि याद्या टाइप करून द्यायच्या.

तेव्हा एन.एस.एस.च्या सरांना या पानावरून जाहीर विनंती आहे. पुढच्या शिबिरात भिंत रंगवायची असेल तर जरूर रंगवू, पण भिंतीवर त्या गावाच्या वाड्यांचा नकाशा रंगवू. मराठीत, धरण समोर येईल असा, कुठून कुठे जायला पावसाळ्यात कोणती वाट ते दाखवणारा. फोन बंद पडला तरी तो दिसेल. आणि त्याची प्रत माले प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पौडच्या ग्रामीण रुग्णालयात, ड्रायव्हर लोक बसतात त्या खोलीत लावू. मेकॅनिकलचे दोघे आणि सिव्हिलचे चौघे तयार आहेत. कॉम्प्युटरचे अकरा होते, परीक्षेनंतर सात उरले.

एक काम मात्र अडलं आहे. शेवटच्या संध्याकाळी तेच काठीवाले आजोबा शाळेत आले, प्रिंट बघायला. बराच वेळ बघून त्यांनी निळ्या भागावर, काठापासून चांगलं आत, बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं आमचं गाव होतं. मी नाही पाहिलं, बापाने दाखवलेलं. ते टाकता येईल का?" ओपनस्ट्रीटमॅपचा नियम असा की आज जागेवर जे आहे तेच टाकायचं. होऊन गेलेल्या गोष्टींसाठी ओपन हिस्टॉरिकल मॅप नावाचा वेगळा प्रकल्प आहे, तो आमच्यापैकी कुणी अजून वापरलेला नाही. आजोबांना तेवढं सगळं सांगितलं नाही. पेन दिलं. त्यांनी कागदावर जिथे बोट होतं तिथे एक फुली केली आणि आमच्यातल्या एकाला शेजारी नाव लिहायला लावलं. 'ळ' नीट काढलाय का ते दोनदा बघितलं.

तो प्रिंट ब्लॉक बी, खोली 214 मध्ये भिंतीवर लावला आहे. ज्यांना जुने नकाशे वाचता येतात किंवा लायब्ररीत कुठे सापडतील ते माहीत आहे, त्यांनी रात्री जेवणानंतर यावं. त्या फुलीच्या आजूबाजूला आणखी एकावन्न नावं शोधायची आहेत.